नदी परत येते

शाळेतून निवृत्त होऊन मला आता काही वर्षे झाली. एका शिक्षकाच्या हातून जन्मात किती वह्या तपासल्या जातात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. परंतु त्यांतील एक वही मला अजून विसरता आलेली नाही. ‘आमच्या गावची नदी’ या विषयावर मी सातवीच्या वर्गाला निबंध लिहावयास सांगितला होता. कालावल खाडीच्या काठी राहणाऱ्या एका मुलाने लिहिले होते, ‘आमची नदी सकाळी समुद्राकडे जाते आणि दुपारी परत येते.’ मी त्या वाक्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली आणि समासात शेरा दिला, ‘चूक. नदी परत येत नाही.’ मुलाने वही मुकाट्याने घेतली. त्याने वाद घातला नाही, आणि त्याला काही विचारावे असे मलाही वाटले नाही.

मी मूळचा घाटावरचा. पण माझी उभी नोकरी मालवण तालुक्यात झाली. कालावल खाडीवरचा पूल मी एस.टी.च्या खिडकीतून शेकडो वेळा ओलांडला असेन. पूल संपावयास मिनिटभरही लागत नसे. तेवढ्या वेळात मला पाणी दिसे, माडांची रांग दिसे, एखादी होडीही दिसे. परंतु ते पाणी कोणीकडे चालले आहे, हे मात्र कधी दिसले नाही. ते दिसण्यासाठी मला निवृत्त व्हावे लागले आणि सायकलीवर बसावे लागले.

मार्गशीर्षातील एका सकाळी मी मालवणहून निघालो. कोळंबचा पूल मागे टाकून हडी, कांदळगाव या गावांवरून मसुऱ्याकडे जावयाचे होते. घाई कसलीच नव्हती. जांभ्या दगडांचे गडगे, भात कापून मोकळे झालेले मळे, असे पाहत पाहत मी दुपारच्या सुमारास खाडीच्या काठाशी पोहोचलो. सायकल पाण्याजवळच्या एका माडाला टेकवून सावलीत बसलो. समोर एक वाळलेले झावळ पाण्यावरून वाहत चालले होते. ते समुद्राकडे चालले नव्हते. डोंगराकडे चालले होते! माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. इतक्यात खाडीत तिसऱ्या वेचणारी एक वृद्ध बाई टोपली घेऊन वर आली आणि मला म्हणाली, “मास्तरानू, सायकल वर घेवा. भरती इली, आता पाणी वर येतला.”

मी विचारले, “मावशी, नदी अशी उलटी कशी वाहते?”

ती हसली. “उलटी खंय? आमची नदी अशीच. रोज जाता आणि रोज येता.”

त्या क्षणी मला तो मुलगा आठवला, आणि माझी तांबडी शाईही आठवली.

भरती-ओहोटीची माहिती मला नव्हती असे नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे आपल्या समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते, आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे मी केव्हाही सांगितले असते. परंतु सह्याद्रीवरून वेगाने उतरलेली आपली नदी समुद्राजवळ सपाट होते, आणि म्हणून भरतीचे खारे पाणी तिच्या पात्रात मैलोगणती आत शिरते, हा त्या माहितीचा अर्थ मी कधी समजून घेतला नव्हता. रोजच्या ५० मिनिटांनी आठवडाभरात सुमारे सहा तासांचा फरक पडतो. म्हणजे आज सकाळी जाणारी आणि दुपारी येणारी नदी आठवड्याने सकाळी येते आणि दुपारी जाते. त्या मुलाने जे पाहिले तेच लिहिले होते. न पाहता लिहिणारा मी होतो.

तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्याला आपला मुलूख खरोखर ओळखावयाचा असेल, त्याने तो सायकलीवरून, सावकाश आणि शक्यतो पाण्याच्या काठाकाठाने पाहावा. पायी चालणे उत्तमच. परंतु चालणारा मनुष्य एका दिवसात फार गावे पाहू शकत नाही. मोटार पुष्कळ गावांतून नेते. परंतु एकाही गावाशी ओळख करून देत नाही. सायकल या दोहोंच्या मध्ये आहे. तिच्यावर बसलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा कळते, पिकल्या फणसाचा वास येतो, आणि वाटेत कोणी हाक मारली तर थांबता येते. वाट चुकली की त्याला विचारावे लागते. तहान लागली की कोणाच्या तरी खळ्यात जाऊन पाणी मागावे लागते. अशा रीतीने तो त्या गावाचा पाहुणा होतो.

शिवाय सायकल पायांना भूगोल शिकवते. दम लागला की समजावे, आपण सड्यावर चढत आहोत. पायडल न मारता चाके धावू लागली की समजावे, पुढे वहाळ किंवा खाडी आहे. खाडीकाठचा रस्ता बहुधा सपाट असतो. म्हणून नवख्या स्वाराला तोच बरा. त्या रस्त्याने जाताना चिखलातून वर डोकावणारी कांदळाची मुळे दिसतात. झाडाची मुळे वर का आली, असा प्रश्न पडला की चिखलात हवा नसते आणि ही मुळे श्वास घेतात, हे उत्तर जन्मभर लक्षात राहते.

इतिहासही असाच उलगडतो. कालावल खाडीच्या दक्षिणेस मसुऱ्याचा भरतगड आणि उत्तरेस भगवंतगड असे दोन किल्ले समोरासमोर का उभे आहेत, हे मला पुस्तकातून कळले नव्हते. काठाने जाताना कळले. जेव्हा पक्के रस्ते नव्हते तेव्हा खाडी हाच राजरस्ता होता. भरतीबरोबर पडाव आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर जात. या राजरस्त्यावर दोन्ही तीरांवरून पहारा होता. तसेच तारकर्लीहून देवबागेस जाऊन पाहा. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी, आणि मध्ये भूमीची चिंचोळी पट्टी. किंवा मालवण-कुडाळ रस्त्यावर धामापूरच्या तलावाशी थांबा. सन १५३० मध्ये दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून तो तयार केला, आणि २०२० साली जगातील वारसा ठरलेल्या सिंचनस्थळांत त्याची गणना झाली. मोटारीतून पाहणाऱ्याला तेथे केवळ पाणी दिसते. बांधावर घटकाभर बसणाऱ्याला पूर्वजांची बुद्धी दिसते.

यावर कोणी म्हणेल, “गुरुजी, आजच्या काळात इतका वेळ कोणापाशी आहे?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आजाऱ्याला दवाखान्यात न्यावयाचे असेल किंवा परीक्षेस वेळेवर पोहोचावयाचे असेल, तर वेगाने जाणेच योग्य. परंतु पोहोचणे आणि पाहणे ही दोन निराळी कामे आहेत. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि ते १९२८ साली परत आले. साडेचार वर्षे लागली, म्हणून त्यांचा काळ वाया गेला असे कोण म्हणेल? युरोपात पूर्वी कालव्यांतील नावा घोड्यांकडून ओढवीत. घोड्यांसाठी काठाने केलेल्या त्या वाटांवरून आता लोक आनंदाने सायकली चालवितात. आपल्याकडेही मुंबई-पुण्याचे सायकलस्वार किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत येतात. दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्या सायकलीसह फेरीबोटीतून ओलांडतात. दूरचे लोक आपला किनारा सावकाश पाहावयास येतात आणि आपण मात्र तो खिडकीतून पाहतो, हे काही बरे नव्हे.

मुलांनो, यासाठी भारी सायकल लागत नाही. शाळेत नेता तीच पुरे. हवा भरण्याचा पंप, पाण्याची बाटली आणि एक वही जवळ असू द्या. घरी सांगून आणि सोबती घेऊन जा. मोठ्या रस्त्यावर एकामागून एक चला, उतारावर ब्रेक सोडू नका, आणि ओळख नसलेल्या पाण्यात उतरू नका. पावसाळा संपून हवा निवळली म्हणजे निघा. आणि पहिल्या खेपेस आपल्याच गावचे पाणी कोठून येते व कोठे जाते, एवढेच पाहून या.

तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुंबई-पुण्यास जातील. जाणे भागच असते. तो मुलगाही असाच कोठेतरी गेला; त्याचा ठावठिकाणा मला लागला नाही. भेटला असता तर त्याची वही पुन्हा मागितली असती आणि माझा शेरा माझ्याच हाताने खोडला असता. ते आता घडणे नाही. तुम्ही मात्र गाव सोडण्यापूर्वी ते पाहून ठेवा, आणि डोळ्यांनी जे पाहिले असेल ते निर्भयपणे लिहा. शिक्षकाने चूक म्हटले, तर उद्धटपणा न करता त्याला म्हणा, “गुरुजी, एकदा आमच्याबरोबर सायकलीने खाडीवर चला.” जो खरा शिक्षक असेल, तो येईल.