रुग्णांना खुर्ची मिळाली, उत्तर मिळेल का?

इंग्लंडमध्ये 'सर्जरी' म्हणजे शस्त्रक्रियेची खोली नव्हे, तर मोहल्ल्यातील डॉक्टरांचा दवाखाना. राष्ट्रीय आरोग्य सेवेचा (एनएचएस) दरवाजा बहुतेक नागरिकांसाठी येथूनच उघडतो. या दवाखान्यात नाव नोंदवायचे आणि आजार किरकोळ असो वा गंभीर, प्रथम तेथेच जायचे, तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्याचा मार्गही बहुधा तेथूनच, अशी ही रचना आहे. अशा प्रत्येक दवाखान्याला आपल्या रुग्णांचा एक 'रुग्ण सहभाग गट' स्थापन करणे एप्रिल २०१५ पासून करारानेच बंधनकारक झाले आहे. दहा वर्षांच्या अनुभवानंतर मात्र एक प्रश्न ठळकपणे पुढे येतो. रुग्णांना बैठकीत खुर्ची मिळाली, पण त्यांच्या म्हणण्याला उत्तर देण्याची जबाबदारी नेमकी कोणावर आहे?

ही कल्पना सरकारी कार्यालयात जन्मलेली नाही. ऑक्सफर्डजवळील बेरिन्सफील्ड येथे डॉ. पीटर प्रिचर्ड यांनी १९७२ मध्ये असा गट सुरू केला. त्याच सुमारास ब्रिस्टल आणि वेल्समधील अ‍ॅबरडेअर येथेही असे प्रयोग झाले. १९७८ मध्ये या गटांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे २०११ पासून सरकारने गट चालविणाऱ्या दवाखान्यांना जादा निधी देण्यास प्रारंभ केला आणि २०१५ मध्ये ऐच्छिक उपक्रमाचे रूपांतर कराराच्या अटीत झाले.

गटाचे कामकाज साधे असते. अध्यक्ष बहुधा रुग्णांपैकीच एक असतो. दवाखान्याचा व्यवस्थापक बैठकीला हजर राहतो, तर काही ठिकाणी डॉक्टरही येतात. फोन लागत नाही, अपॉइंटमेंट मिळत नाही, औषधाच्या चिठ्ठीचे नूतनीकरण रखडते, संकेतस्थळावरील सूचना समजत नाहीत, असे विषय चर्चेला येतात. वार्तापत्र काढणे, प्रश्नावली तयार करणे, फ्लूच्या लसीकरणाच्या दिवशी रांगेची व्यवस्था पाहणे ही कामेही सदस्य विनामोबदला करतात. वैयक्तिक तक्रार मात्र येथे मांडायची नाही, असा सर्वसाधारण संकेत आहे. तिच्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे.

दवाखान्याच्या हातात काय?

या गटांचे यशापयश समजून घ्यायचे, तर आधी दवाखान्याचे अर्थकारण पाहावे लागते. हे दवाखाने सरकारी मालकीचे नसतात. डॉक्टरांची भागीदारी एनएचएसशी करार करते आणि तिला मुख्यतः नोंदणीकृत रुग्णांची संख्या, त्यांचे वय आदी निकषांवर पैसे मिळतात. त्यामुळे एकूण निधी किती, परिसरात डॉक्टर किती, हे दवाखान्याच्या हातात नसते. फोनची यंत्रणा कोणती घ्यायची, अपॉइंटमेंट कशा वाटायच्या, स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्याच हातात असते. रुग्णगटाचा खरा उपयोग होतो तो या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत.

हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. सकाळी आठच्या ठोक्याला फोन सुरू होतात आणि त्या दिवसाच्या वेळा काही मिनिटांत संपतात, हा तेथील नागरिकांचा नित्याचा संताप आहे. राष्ट्रीय रुग्ण सर्वेक्षणात दवाखान्याचा एकूण अनुभव चांगला असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ८३ टक्के होते. ते २०२२ मध्ये ७२ टक्क्यांवर घसरले. १ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी आठ ते सायंकाळी साडेसहा या संपूर्ण वेळेत ऑनलाइन विनंती स्वीकारण्याचे बंधन दवाखान्यांवर आले. पण ज्याला संगणक हाताळता येत नाही किंवा इंग्रजी लिहिता येत नाही, त्याचे काय करायचे, याचे पूर्ण उत्तर राष्ट्रीय आदेशात मिळत नाही. ते त्या त्या दवाखान्यातच शोधावे लागते.

येथेच गटाची पहिली उणीव उघड होते. दिवसा किंवा संध्याकाळी बैठकीला येण्याइतकी सवड निवृत्तांकडे अधिक असते. दोन पाळ्यांत काम करणारा कामगार, लहान मुलांची आई वा नुकताच स्थलांतरित झालेला रुग्ण तेथे क्वचितच दिसतो. गट रुग्णांचे यथार्थ प्रतिनिधित्व करील, यासाठी दवाखान्याने वाजवी प्रयत्न करावेत, असे करार सांगतो. तथापि 'वाजवी प्रयत्न' म्हणजे काय, याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा आहे.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. गट स्थापन करतो दवाखाना, जागा देतो दवाखाना आणि ज्याच्याविषयी बोलायचे तोही दवाखानाच. गटाला ना स्वतंत्र निधी, ना निर्णयाचा अधिकार. डॉक्टर ऐकून घेणारे असतील तर गट फुलतो, नसतील तर तो कागदावर उरतो.

स्वतंत्र संस्था आल्या आणि गेल्या

यावर उपाय म्हणून स्वतंत्र संस्था नव्हत्या असे नाही. १९७४ मध्ये सामुदायिक आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. इंग्लंडमध्ये त्या २००३ मध्ये मोडीत निघाल्या. त्यांच्या जागी आलेले रुग्ण मंच २००८ पर्यंत टिकले. नंतरची स्थानिक जाळी २०१३ मध्ये संपली आणि 'हेल्थवॉच' आले. त्याच वर्षी मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयातील भयंकर हेळसांडीवरील फ्रान्सिस अहवाल प्रसिद्ध झाला होता. रुग्णांचे व नातेवाइकांचे ऐकले न जाण्याची किंमत काय असते, हे त्याने दाखवून दिले. असे असूनही जुलै २०२५ मध्ये दीडशेहून अधिक स्थानिक हेल्थवॉच बंद करून त्यांचे काम क्षेत्रीय आरोग्य मंडळे आणि स्थानिक प्रशासनाकडे सोपविण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. म्हणजे सेवेचे नियोजन करणाऱ्यांनीच सेवेविषयीची गाऱ्हाणी गोळा करायची.

या पार्श्वभूमीवर दवाखान्याच्या उंबरठ्यावरील रुग्णगटाचे महत्त्व वाढते, पण त्याचबरोबर त्याच्यावर न पेलणारे ओझेही पडते. स्वतंत्र देखरेखीचे काम यजमानाच्या घरात बसून होत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव येथे तुलनेसाठी उद्‌बोधक ठरतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि रुग्ण कल्याण समित्यांना खर्चासाठी निधी मिळाला. म्हणजे इंग्लंडच्या गटांकडे नसलेली गोष्ट त्यांच्याकडे होती. मात्र समित्यांची सूत्रे प्रामुख्याने अधिकारी व लोकप्रतिनिधींकडे राहिली. याउलट २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत जनसुनवाई होती. तेथे अधिकाऱ्याला गावासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागे.

फरक नेमका या उत्तरात आहे. इंग्लंडमधील अनेक दवाखान्यांत 'तुम्ही म्हणालात, आम्ही केले' असा फलक लावलेला असतो. त्यावर तिसऱ्या रकान्याची गरज आहे, 'आम्ही केले नाही, कारण'. रुग्णगटाच्या प्रत्येक सूचनेला ठरावीक मुदतीत लेखी व जाहीर उत्तर देण्याची अट करारात घालण्यास मोठा खर्च येणार नाही. तेवढे झाले तरी गटाची खुर्ची शोभेची राहणार नाही. अन्यथा बैठका होत राहतील, चहा घेतला जाईल, इतिवृत्त लिहिले जाईल आणि सकाळी आठ वाजता फोन पूर्वीसारखाच व्यग्र लागेल.