कंटाळा नक्की कशाचा आलाय, बॉस?

रविवार, रात्रीचे साडेनऊ. मित्राचा फोन. 'उद्या ऑफिसला जावंसंच वाटत नाहीये यार!'

हा पठ्ठ्या मेकॅनिकल इंजिनीअर. कॅम्पसमधून उचलला सॉफ्टवेअर कंपनीने. घरी पेढे वाटून झाले. आता सहा वर्षं हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतोय. पगार झकास, फ्लॅटचा हप्ता चालू आणि आईच्या मते पोरगं 'सेटल'. मग कुरकुर करायची तरी कुठल्या तोंडाने?

'सोडतोच आता. एमबीए करतो, नाहीतर कोकणात होमस्टे काढतो.'

म्हटलं, 'थांब. कंटाळा नक्की कशाचा आलाय? बॉसचा, या कामाचा, की इंजिनीअरिंगचाच?'

पलीकडे शांतता.

फ्रेंड्स, गोची इथेच होते. बॉसचा राग आपण डिग्रीवर काढतो. बॉस नकोसा असेल तर टीम बदला. काम नको असेल तर कंपनी बदला. इंजिनीअरिंगच नको असेल, तर खुशाल नवा रस्ता धरा. पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाकून आणि नवं काम दोन-चार वीकेंड करून बघून. होमस्टे म्हणजे नुसता समुद्र नाही, पाहुण्यांच्या चादरी धुणंही आलंच की!

१५ सप्टेंबरला ज्यांच्या नावाने 'इंजिनीअर्स डे'चे मेसेज फिरतात, त्या विश्वेश्वरय्यांचंच बघा. पुण्यात इंजिनीअरिंग शिकले, १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत लागले. १९०३ मध्ये खडकवासला धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पण सगळ्यात वरची खुर्ची गोऱ्या साहेबासाठीच! १९०८ मध्ये त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि पुढच्याच वर्षी म्हैसूरचे चीफ इंजिनीअर झाले. नोकरी सोडली, इंजिनीअरिंग नाही.

मित्राला शेवटचं एकच विचारलं, 'काम करताना जेवायचंही विसरलास, असं कधी झालं होतं?'

बराच वेळ गेला. मग म्हणाला, 'गेल्या महिन्यात. सोसायटीचा पंप बंद पडला होता. मीच खोलून बसलो. हात ग्रीसने काळे... मजा आली यार.'

सोमवारी तो ऑफिसला गेला. राजीनामा दिला नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने बायोडेटा अपडेट केला आणि चाकणच्या एका कारखान्यात पाठवला. पगार कमी असेल, हे त्याला माहितीये. आईला कसं सांगायचं, ते मात्र अजून ठरत नाहीये.

तुम्ही शेवटचं जेवण कधी विसरला होतात?