डोंगर कुणाचा, नाका कुणाचा?



शेतीमालाला भाव मिळू नये म्हणून सरकारने काय काय केले, त्याचा हिशेब आपण वरचेवर मांडतो. आज दुसरा हिशेब मांडतो आहोत. शेताच्या धुऱ्यापलीकडे जी जमीन होती, जिच्यावर गावाची गुरे चरत, जिथून वखराचे लाकूड आणि चुलीचे जळण येई, ती जमीन कुणी नेली, कशी नेली आणि ती परत मिळते की नाही, त्याचा हा हिशेब. उदाहरणाला गाव घेतले आहे नाकाडोंगरी.

गावाची ठेवण

नाकाडोंगरी भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ आहे. हा सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख. या भागातून बावनथडी नदी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. सखल भागात धानाच्या बांध्या, चढावर हलकी बरड जमीन, त्यावर जंगल. साग, मोह, तेंदू, चार, बांबू.

आपल्यापैकी बहुतेकांचे शेत कपाशीचे आणि ज्वारीचे. धानाच्या गावाचे आम्हाला काय, असे कुणी म्हणेल. पण रचना एकच आहे. बांधीला शेणखत लागते, शेणखताला गुरे लागतात, गुरांना डोंगर लागतो. आपल्याकडे डोंगराच्या जागी गायरान आणि ई-क्लास. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, गायरान आटले तशी वैरण विकत आली, मग गोठ्यातली जनावरे बाजारात गेली आणि खताची पिशवी दुकानातून आली. एक कडी तुटली की सगळी साखळी तुटते. नाकाडोंगरीच्या डोंगराचे जे झाले तेच आपल्या ई-क्लासचे होते आहे.

मालक बदलले, गाव तिथेच

हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा. मग नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. पुढे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात पाटील-मालगुजारांना गावाची मालकी लिहून दिली. तरीही रयतेचा निस्तार कागदावर राहिला. निस्तार म्हणजे जळण, चराई, बल्ल्या, काटे, माती, पाणी, म्हणजे शेतकऱ्याच्या रोजच्या गरजेचा हक्क. सरकारी जंगलावर मात १८७८ च्या वन कायद्याने केली. ‘राखीव’ असा शब्द लिहिला आणि गावकरी आपल्याच डोंगरावर चोर ठरला.

१९५१ साली मालगुजारी संपली. चांगले झाले, तिच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण मालगुजाराचे जंगल, पडीक, तलाव गावाकडे यायला हवे होते. ते सरकारजमा झाले. तलावाला आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. मालगुजार माजी झाला, पण गाव मालक झाले नाही.

१९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. पान तोडणार बाई, भाव ठरवणार खाते. कपाशीवाल्यांना हा खेळ नवा वाटायचे कारण नाही. कापसाची एकाधिकार खरेदी आपण अंगावर काढली आहे.

डोंगराच्या पोटात मँगनीज. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी याच तालुक्यातल्या. या पट्ट्यातले मँगनीज १८९६ साली निघालेल्या विलायती कंपनीने काढायला घेतले. १९६२ साली त्यात भारत सरकारची भागीदारी झाली, १९७७ साली कंपनी पुरती सरकारी झाली, २०१० साली तिचे शेअर बाजारात विकले गेले. तुमसरहून तिरोडीकडे रेल्वे गेली ती याच मालासाठी. मुंबईच्या माणसाला या डोंगराचा शेअर विकत घेता येतो. डोंगराखालच्या गावाला डोंगरात हिस्सा नाही. २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे, पण त्याची थैली जिल्ह्याच्या ठिकाणी उघडते.

आणि नाकाडोंगरी हे आज वनपरिक्षेत्राचे ठिकाण आहे. गावाच्या नावातच नाका आहे आणि डोंगरीही आहे. डोंगर गावाच्या माथ्यावर, नाक्याचा दांडा मात्र दुसऱ्याच्या हातात.

आल्प्समधले एक कोरडवाहू गाव

‘गावाच्या हाती जंगल दिले तर गाव ते खाऊन टाकील’ असे शहाणे लोक सांगतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन विद्वानाने यावर लेख लिहिला आणि जगभरच्या सरकारी बाबूंना तो पाठ झाला. सामाईक कुरणावर जो तो आपली गुरे वाढवतो आणि शेवटी कुरण मरते, असे त्याचे म्हणणे.

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वतात, वाले प्रांतात, टोर्बेल नावाचे खेडे आहे. सुमारे १५०० मीटर उंचीवर, उतारावर वसलेले. बर्फाचा देश म्हणून तिथे पाणीच पाणी असेल असे समजू नका. हा त्या देशातला सर्वात कमी पावसाचा भाग. पाटाने पाणी आणले तर गवत, नाहीतर कोरडे. माणसे पिढ्यान् पिढ्या राय नावाचे धान्य, गवत आणि गायी यांवर जगली.

१ फेब्रुवारी १४८३ रोजी या गावाने डोंगरावरचे कुरण, जंगल आणि पडीक जमीन कशी वापरायची याचा करार लेखी केला. त्या साली वऱ्हाडात बहामनी सुलतानाचा अंमल होता. १५१७ साली त्यांनी नियम लिहिला : हिवाळ्यात घरच्या वैरणीवर जेवढ्या गायी पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड, आणि दंडाचा अर्धा भाग पकडणाऱ्या गावच्याच राखणदाराला. झाडे गाव मिळून खुणावणार, मग चिठ्ठ्या टाकून घरोघर वाटणार.

शेत मात्र ज्याचे त्याचे. हे नीट लक्षात घ्या. कुणी सामुदायिक शेतीचे सोंग आणले नाही. पोटच्या शेताला मालक एक घर, डोंगराला मालक सारे गाव. पाचशे वर्षे हा डोंगर मेला नाही. रॉबर्ट नेटिंग या अभ्यासकाने १९८१ साली या गावावर पुस्तक लिहिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी टोर्बेलसारखी जगभरची गावे अभ्यासून हार्डिनची पोपटपंची खोडून काढली. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तीन आक्षेप

पहिला : ते श्रीमंत, त्यांना परवडते. हे अर्धे खरे आहे. श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने स्वित्झर्लंडच्या शेतकऱ्याच्या मिळकतीतला जवळजवळ निम्मा वाटा सरकारी आधारातून येतो. त्याच संघटनेने २०१८ साली आपला हिशेब केला तेव्हा भारतातल्या शेतकऱ्याचा आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. उणे सबसिडी म्हणून आपण ओरडत आलो त्यावर परदेशी शिक्का बसला. पण १४८३ साली टोर्बेलला कुणाची सबसिडी होती? डोंगर आधी वाचला, पैसा फार उशिरा आला.

दुसरा : आमची गावे अशी नाहीत. मग गडचिरोलीचे मेंढा (लेखा) बघा. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क या गावाने मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. ते लांब वाटत असेल तर अमरावती जिल्ह्यातले पायविहीर बघा. अचलपूर तालुका, म्हणजे आपल्याच कपाशीच्या शेजारी. २०१२ साली त्यांना उघड्या टेकड्यांचा हक्क मिळाला. गावाने चराईबंदी पाळली, झाडे राखली आणि तिथले सीताफळ मुंबईला पोचवले. खात्याच्या ताब्यात टेकड्या उघड्या होत्या, गावाच्या ताब्यात हिरव्या झाल्या. कुंपणच शेत खात होते, दुसरे काय?

तिसरा : गावातले बडे लोक सगळे गिळतील. ही भीती खरी आहे आणि आम्ही ती झटकणार नाही. टोर्बेललाही गुणच गुण नव्हते. बाहेरच्याला त्यांनी दार बंद ठेवले, आणि त्या देशात बायांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली मिळाला. म्हणून वनहक्काच्या ग्रामसभेत निम्म्या मतदारांची हजेरी आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया ही अट आहे. ती कागदावर नव्हे, मांडवात पाळली पाहिजे. भूमिहीनाची शेळी कुठे चरेल हे आधी ठरवा, मोठ्या शेतकऱ्याच्या जनावरांचे मग.

आता घाई का?

पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, त्यात आपला वर्धाही आला, सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे. गावाची चराई आणि निस्तार तिच्यावरच. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन ठरवली. ज्या गावाने हक्क नोंदवला नाही, त्याच्या आणि चराईच्या मध्ये नाका पक्का होणार. इकडे गायरानावर २०२३ पासून सौर प्रकल्पांची नजर आहे. वीज शेतकऱ्याची म्हणतात; जमीन कुणाची, ते विचारत नाहीत.

वनहक्क कायदा २००६ सालचा आहे. निस्तार हा शब्द त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलेला आहे. १९२७ च्या वन कायद्यातही कलम २८ ग्रामवनाचे होते. सरकारने ते जवळजवळ वापरलेच नाही. कायदा नुसता असून भागत नाही, तो ओढून घ्यावा लागतो.

म्हणून प्रत्येक गावाने एवढे करायचे :

१) तहसीलमधून गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल काढायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ व १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. तिथे जुने बंदोबस्ताचे कागद आणि गायरानाची नोंद काढा.

२) झुडपी, गायरान, ई-क्लास किती होते आणि आज किती आहे, हे तलाठ्याकडून लेखी घ्यायचे.

३) ग्रामसभा भरवून चराईचा, जळणाचा, पाण्याचा नियम लिहायचा. हक्क मागण्याआधी नियम लिहा. टोर्बेलने तेच केले होते.

नकला घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. रिकाम्या हाताने आलेल्या गावाला आम्ही एकच विचारणार : तुमचा डोंगर कुणाच्या नावावर आहे?