खटका

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. निमित्त असं झालं, की परवा पुतण्या आला होता आणि त्याने माझ्या शेडमध्ये (म्हणजे खालच्या गॅरेजमध्ये. 'शेड' हा शब्द माझा, 'पसारा' हा बायकोचा) माझ्या हातावर एक छोटा खोका ठेवला. स्मार्ट प्लग. "काका, आता करवतीपाशी वाकायला नको. मोबाईलवरून चालू, मोबाईलवरून बंद. नुसतं तोंडाने सांगितलंस तरी चालेल."

पोरगा प्रेमाने घेऊन आला होता. माझी कंबर धरते हे त्याला ठाऊक आहे. मी तो प्लग टेबलावरच्या दिव्याला लावला, करवतीला नाही, आणि तो जरा हिरमुसला. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिणं मुख्यतः त्याच्यासाठी. आणि थोडं घरातल्या इतरांसाठी, जे इथे येऊन वाचतात आणि 'छान' एवढंच लिहून जातात :)

तांत्रिक कारण आधी सांगून टाकतो. एक एच.पी.ची सिंगल फेज मोटर भरात चालताना साधारण सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. प्लगच्या पोटातला रिले बोटाच्या पेराएवढा. असे झटके बसत राहिले की त्याचे पॉइंट एकमेकांना वितळून चिकटू शकतात. मग मोबाईलवर 'बंद' दिसतं आणि खाली पातं फिरत असतं.

पण समजा प्लग दणकट मिळाला, तरी मी लावला नसता. कारण आपण 'सोय' म्हणतो तेव्हा ती नेहमी चालू करण्याची असते. माझ्या मते मशीन चालू करायला थोडी गैरसोयच असावी. सगळी सोय बंद करण्यात हवी.

हे मी कुठे शिकलो, ते घरात सगळ्यांना अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आज सांगतो.

सांगलीला नानांचा सुतारकामाचा छोटा कारखाना होता. शाळेचे बाक, दाराच्या चौकटी, असलं काम. गोल करवतीला नीट स्टार्टर होता. हिरवं बटण, लाल बटण. हिरवं दाबलं की आतली कॉईल ओढली जाते आणि मग स्वतःच्याच एका पॉइंटमधून स्वतःला धरून ठेवते. लाईट गेली की कॉईल सुटते, आणि लाईट परत आली तरी मशीन आपण होऊन सुरू होत नाही. पुन्हा हिरवं दाबावं लागतं. एवढीच त्याची अक्कल, पण काय अक्कल आहे!

गोची अशी, की कारखाना लाईनच्या टोकाला. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की कॉईल घर्रर्र करून सुटायची. फळी अर्धी कापलेली, आणि करवत बंद. नानांनी त्यावर सुतारी उपाय काढला होता: स्टार्टरचं झाकण काढायचं आणि आतला दांडा दाबून त्यात लाकडाची पाचर ठोकायची. २००५ च्या दिवाळीत मी गेलो होतो. मी तेव्हा नवा कोरा इंजिनियर, पुण्यात नोकरी. ती पाचर बघून मला कससंच झालं. मी म्हटलं, "नाना, हे धोक्याचं आहे, मी व्यवस्थित करून देतो." आणि स्टार्टर काढून भिंतीवर, दाराशेजारच्या बोर्डावर, चांगल्या कंपनीचा फिरकीचा स्विच बसवून दिला. कटकट मिटली. नाना खूश. मीही.

कॉईल सुटत होती म्हणजे ती तिचं काम करत होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. पडलेल्या व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, तापते. जाड केबल टाकायला हवी होती. मी पहारेकरीच काढून टाकला. पाचर निदान डोळ्यांना खुपत तरी होती, माझा स्विच दिसायला सुरेख होता.

२००६ चा उन्हाळा. लोडशेडिंगचे ते दिवस आठवत असतील. दुपारी लाईट गेली, करवत थांबली. स्विच सहा पावलांवर, दाराशी. मशीन तर थांबलेलंच आहे, मग कोण जातंय बंद करायला? पात्याखाली भुसा तुंबला होता, तो काढायला नानांनी खाली हात घातला. आणि लाईट वेळेआधी आली.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. जास्त लिहीत नाही.

सगळे म्हणाले, स्विच बंद करायला हवा होता, नाना मुळात घाईचे. मीही मान डोलावली. स्विच मी बदलला होता हे नानांना माहीत होतं. २०१९ मध्ये ते गेले, तोवर त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

'निष्काळजीपणा' हा शब्द मला म्हणून आवडत नाही. दमलेला माणूस भर दुपारी सहा पावलं वाचवतो, यात नवल काय? ते गृहीत धरूनच खटका बसवायचा असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४व्या कलमात हे लिहिलेलं होतं: प्रत्येक कामाच्या खोलीत वीज झटकन तोडायचं साधन हवं, आणि चुकून 'चालू'कडे सरकू शकेल असं साधन असेल तर ते 'बंद'वर कुलूपबंद करायची सोय हवी. एका शाफ्टवर सगळी यंत्रं फिरायची त्या काळचा पट्टा सैल कप्पीवर सरकवायचा दांडाही त्याच कलमात होता. पण घरच्या शेडमध्ये कुठला इन्स्पेक्टर येतोय!

इथे शेतीवाले पाहुणे म्हणतील, आम्ही तर पंपाला मुद्दाम ऑटो स्विच लावतो. लाईट रात्री कधी येईल त्याचा नेम नाही, अंधारात विहिरीवर कोण जाणार? त्यांचं खरं आहे. (सगळे पंप एकदम उठले की ट्रान्सफॉर्मर जळतो म्हणून महावितरण ते काढायला सांगत असतं, तो वाद वेगळा.) पण पंपाच्या पात्याशी कुणाचा हात नसतो. खटकणारा ग्राइंडर घेऊन चौथ्या मजल्यावर बसलेल्या पोराचं काय? वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये आगकाड्यांनी खोचलेली, ग्राइंडरचा खटका पुढे सरकवून अडकवलेला. लाईट गेली की तो तसाच खाली ठेवून चहाला जातो.

आता माझी करवत. स्टार्टर आहे, कॉईलवाला. एका बर्‍यापैकी पात्याच्या आसपासचा खर्च. हिरवं बटण एकच, आणि ते आत खोल, बोटाने मुद्दाम दाबावं लागेल असं. लाल मात्र दोन. एक मोठं, भूछत्रासारखं, उजव्या हाताशी. दुसरं मांडीच्या उंचीवर, त्यावर लाकडी फळी बिजागरीने टांगलेली. दोन्ही हात फळी धरण्यात गुंतले असले तरी गुडघ्याने ढकललं की करवत बंद. गंमत म्हणजे लाल बटणं एकामागोमाग एकाच वायरीत जोडतात, त्यामुळे कितीही वाढवता येतात. कुठलंही एक दाबा, बंद. उंदराने ती वायर कुरतडली तरीही बंदच. भुसा ओढायच्या पंख्याला मात्र मी खुशाल रिमोट लावलाय. तो आपण होऊन सुरू झाला तर फार तर मांजर दचकेल.

आणि पातं बदलताना किंवा खाली हात घालताना प्लग उपटून तो समोर टेबलावर ठेवतो. बटणावर भरवसा असला तरी.

तिसरं लाल बटण पलीकडच्या टोकाला, फळी धरणार्‍याच्या हाताशी बसवायचं राहिलंय. वायर आणून ठेवली आहे. पुतण्या पुढच्या रविवारी येणार आहे. टेबलाखाली झोपून जोडणी करावी लागेल, आणि त्याची कंबर अजून शाबूत आहे.