जुन्या इमारतीत हॉटेल काढताना

फोर्टमध्ये हॉटेल काढायचे म्हटले की नजर जुन्या दगडी इमारतींकडे जाते. उंच छत, रुंद दरवाजे, कोर्टकचेऱ्यांचे गिऱ्हाईक! पण गाळा आवडला म्हणून घरातले दागिने मोडण्याआधी जरा थांबा.

काळा घोड्याजवळचे एस्प्लनेड मॅन्शन पाहा. हे मूळचे वॉटसन्स हॉटेल. 7 जुलै 1896 रोजी ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट आपल्या देशात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. एवढी कीर्ती असूनही 2005 मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला आणि 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. इमारत रिकामी झाली की तळमजल्यावरचा धंदाही उठतो. म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

गाळा देणारा खरा मालक की पागडीचा भाडेकरू, हेही पाहा. भाडेकरू असेल तर मालकाची लेखी संमती हवीच. हेरिटेज यादीतल्या इमारतीचे बाहेरचे रूप बदलायला परवानगी लागते, अन् भटारखान्याला धुराडे तर हवेच. ते कुठून वर जाणार, हे ठरल्याशिवाय बयाणा देऊ नका.

1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा करू, पुढे बघू’ या तोंडी शब्दावर लाखो रुपये घालू नयेत. इमारत धोकादायक ठरली तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे कलम आपण स्वतः सांगून घालून घ्या. मालक ते आपणहून घालत नाहीत.