आईचं हिमोग्लोबिन किती आहे?



माता भीमाबाई १८९६ साली साताऱ्यात गेल्या. बाबासाहेब तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. भीमराव हे त्यांचं चौदावं अपत्य. त्यातली बरीच लेकरं लहानपणीच दगावली. मागे राहिलेल्या लेकरांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं. हे आम्ही लहानपणापासून भाषणांत ऐकत आलो. पण चौदा या आकड्याचा अर्थ आम्हाला कळला तो नर्सिंग शिकताना, बाळंतपणाच्या वॉर्डात. सगळं सुरळीत झालं तरी एका बाळंतपणात अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जातं. तेव्हा प्रत्येक वेळी अंगातून किती गेलं असेल, आणि ते भरून काढायला ताटात काय होतं?

तरीही आमच्या स्वतःच्या आईकडे आमचं लक्ष गेलं नाही. ती सांगली जिल्ह्यात लोकांच्या उसात भांगलायला जायची. सगळ्यांची जेवणं झाली की शेवटी बसायची. कोरड्यास संपलेलं असेल तर चटणी-भाकरी. "मला भूक न्हाई," म्हणायची आणि आम्ही ते खरं मानायचो. पुढे आम्ही नर्स झालो. सात वर्षं दुसऱ्यांच्या आयांची बोटं टोचून हिमोग्लोबिन तपासलं. आईचं तपासलं ते ती उंबऱ्यात चक्कर येऊन पडली तेव्हा. हिमोग्लोबिन ७ निघालं. बाईचं निदान १२ तरी हवं.

मग हळूहळू तिनं सांगितलं. अंगावरून जास्त जातं, कितीतरी वर्षं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. ती कॅन्सरची नव्हती, उपचार झाले, आई सावरली. "आधी का सांगितलं नाहीस?" असं आम्ही चिडून विचारलं. ती म्हणाली, "तुमी कुटं इचारलं?"

हा प्रश्न आम्ही वस्तीतल्या प्रत्येक कर्त्या मुलापुढे ठेवतो. आईच्या वाढदिवसाला मोबाईलवर फोटो लागतो, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या कष्टांवर भाषण होतं. ती आहे तोवर तिच्या शरीराची विचारपूस करणं हा खरा मान, असं आमचं मत आहे. महामंगल सुत्तात आईवडिलांच्या सेवेला मंगल म्हटलंय. त्या सेवेत दवाखानाही येतो.

विचारायचं काय? दम लागतो का? चक्कर येते का? अंगावरून जास्त जातं का? पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर जरी, तर ते वयाचं समजू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. मशेरी लावत असेल तर तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते बघा. मुलाला हे विचारताना लाज वाटत असेल तर बहिणीनं, सुनेनं विचारावं. पण दवाखान्यात मुलानंही सोबत जावं. तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा. लोहाची गोळी सुरू झाली तर ती चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या.

काहीजण म्हणतात, "आईच नको म्हणते." ती नको म्हणते, कारण दवाखान्यात गेलं की दिवसाचा रोज बुडतो आणि घरचं कोण करणार ही काळजी असते. तो रोज आपण भरून द्यावा, त्या दिवशीचा स्वयंपाकही आपणच करावा. आणि आजपासून घरात सगळ्यांनी एकाच वेळी जेवायला बसावं. शेवटी उरेल ते आईचं, हा रिवाज आपल्या घरातून जायला हवा.

येत्या रविवारी विहारात भेटाल तेव्हा आम्ही एवढंच विचारणार आहोत : आईचं हिमोग्लोबिन किती आहे? उत्तर घेऊन या. आणि आईलाही घेऊन या.