सैन्य उतरवणारं जहाज आणि त्याला राखणारं जहाज एकत्र आखा!

माझगाव, शिवडी, उरण, करंजा, वास्को इथल्या गोदी कामगारांनो, कोळी बांधवांनो, आणि ज्यांची मुलंमुली नौदलात आहेत अशा आईवडिलांनो,

23 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत संरक्षण संपादन परिषदेने सुमारे 79,000 कोटी रुपयांच्या खरेदी प्रस्तावांना मान्यता दिली. त्या यादीत लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक, म्हणजे एलपीडी, हे जहाज आहे. जवान, रणगाडे, ट्रक, औषधं, पाणी पोटात घेऊन शत्रूच्या किंवा आपत्तीने उद्ध्वस्त झालेल्या किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. निलगिरी वर्गानंतर राखणीसाठी कोणती फ्रिगेट बांधायची, हा प्रश्नही आता समोर आहे. दोन्ही जहाजं तीस-चाळीस वर्षं समुद्रावर राहायची आहेत. आज कागदावर ओढलेली रेघ 2060 सालच्या नौसैनिकाला बदलता येणार नाही. म्हणून हे पत्रक आत्ता काढत आहोत.

आमची मागणी अशी: ही दोन जहाजं वेगवेगळ्या फायलींत, एकमेकांकडे पाठ करून आखू नका. एक जहाज माणसं उतरवतं. ती उतरत असताना येणारी विमानं, ड्रोन आणि क्षेपणास्त्रं अडवायची आणि किनाऱ्यावरचा मारा बंद पाडायचा, हे दुसऱ्याचं काम. दुसऱ्याला ते जमणार नसेल तर पहिल्यावर खर्च केलेला पैसा आणि त्यात बसवलेले जवान, दोन्ही धोक्यात आहेत.

26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी आठवा. निकोबार बेटांवरचे धक्के मोडून पडले होते. धक्काच नाही तर मालवाहू जहाज लागणार कुठे? आपल्या नौदलाने अंदमान-निकोबार, श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत मदत पोचवली, पण एका फेरीत भरपूर माणसं आणि सामान नेऊन धक्क्याविना उतरवणारं मोठं जहाज आपल्याकडे नाही, ही उणीव तेव्हा उघडी पडली. ती भरायला अमेरिकेचं 'ट्रेंटन' हे वापरलेलं जहाज घेतलं. 2007 साली ते 'आयएनएस जलाश्व' झालं. अमेरिकन नौदलात ते 1971 साली दाखल झालं होतं, म्हणजे आपल्याकडे आलं तेव्हाच त्याचं वय 36 होतं. 2008 च्या फेब्रुवारीत या जहाजावर विषारी वायूने पाच नौसैनिकांचा बळी घेतला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी खरेदीवर आणि तिच्यासोबत आलेल्या अमेरिकी तपासणीच्या अटींवर कडक ताशेरे ओढले. तरीही याच जहाजाने 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, मालेहून 698 भारतीयांना एका फेरीत कोचीला आणलं. जहाज म्हातारं, पण काम असं की दुसरं कुणी करू शकत नाही. असं एकच जहाज आपल्याकडे आहे, आणि त्याने पन्नाशी केव्हाच ओलांडली.

चार नव्या जहाजांची निविदा 2013 सालीच निघाली होती. मग काय झालं? बोली लावणाऱ्या खाजगी गोद्यांपैकी काही दिवाळखोरीत गेल्या, मुदती वाढत राहिल्या, आणि 2020 मध्ये निविदा मागे घेतली गेली. 2021 मध्ये पुन्हा माहिती मागवली. 2025 मध्ये पुन्हा मान्यता. इतक्या वर्षांत एकाही जहाजाची कील बसलेली नाही. ज्या 2007 साली जलाश्व आपल्याकडे आलं त्याच साली चीनचं या जातीचं पहिलं जहाज, 'कुनलुन शान', त्यांच्या नौदलात दाखल झालं. आज चीनकडे त्या वर्गाची आठ आहेत, आणि त्यांच्याहून मोठी, सपाट डेकची जहाजं वेगळी. हे वाचून संताप येत नसेल तर पुन्हा वाचा.

हे जहाज चालतं कसं, ते समजून घेऊ. एलपीडीच्या मागच्या भागात एक गोदीच असते. टाक्यांत पाणी भरून जहाजाची शेपटी खाली नेतात, आतल्या गोदीत समुद्र शिरतो, आणि तिथे ठेवलेल्या उथळ तळाच्या उतरण-बोटी रणगाड्यांसह बाहेर तरंगत निघतात. मोठं जहाज किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात थांबतं. आपल्याकडच्या 'शार्दूल', 'केसरी', 'ऐरावत' या जहाजांची रीत वेगळी. ती स्वतःच वाळूवर नाक टेकवतात आणि तोंडाचे दरवाजे उघडतात. ही जहाजं उपयोगी आहेत, मोडलेल्या धक्क्याच्या बेटावर तर फारच. पण किनारा नीट तपासलेला नसेल तर काय होतं ते 1971 च्या डिसेंबरात कॉक्स बाजारला दिसलं. 'गुलदार' आणि 'घडियाल' ही जहाजं गुरखा जवान घेऊन गेली. जहाजं वाळूच्या दांड्यावर थांबली, दांडा आणि काठ यांच्यामध्ये खोल पाणी होतं. मोजकेच जवान उतरू शकले, काही बुडाले. शत्रूने एक गोळीही न झाडता ही माणसं गेली.

आता फ्रिगेटकडे. इथे आम्हाला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण ही जहाजं आपल्या डोळ्यांसमोर बांधली जातात.

माझगाव गोदीने बांधलेली पहिली 'निलगिरी' 1972 च्या जूनमध्ये नौदलात आली. तिच्या पुढच्या डेकवर 4.5 इंची, म्हणजे सुमारे 114 मिलिमीटरची, जोडनळ्यांची तोफ होती. त्याच माझगाव गोदीची नवी 'निलगिरी' 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत दाखल झाली. साडेसहा हजार टनांहून मोठं, देखणं, ब्रह्मोस आणि बराक क्षेपणास्त्रं वाहणारं जहाज. ते बांधणाऱ्या प्रत्येक वेल्डरला, फिटरला आमचा सलाम. पण तिची तोफ 76 मिलिमीटरची आहे. जुन्या निलगिरीचा गोळा सुमारे 25 किलोचा होता, नव्या निलगिरीचा सुमारे 6 किलोचा आहे. जहाज दुपटीहून मोठं झालं, आणि किनाऱ्यावर पडणारा गोळा पावपट झाला.

76 मिलिमीटरची तोफ वाईट नाही. मिनिटाला 120 गोळे टाकते, अंगावर येणाऱ्या ड्रोनला आणि क्षेपणास्त्राला तिचा वेग लागतोच. तांबड्या समुद्रात फ्रेंच फ्रिगेटने याच जातीच्या तोफेने ड्रोन पाडले आहेत. पण माडाच्या बनात खणलेला सिमेंटचा मोर्चा सहा किलोच्या गोळ्याने फुटत नाही, आणि त्याच्यावर ब्रह्मोस खर्चणं परवडत नाही. ब्रह्मोस फ्रिगेटवर आठच असतात. ते जहाजांसाठी आणि मोठ्या लक्ष्यांसाठी राखून ठेवावे लागतात. शिवाय छोट्या तोफेला पल्ला मिळवायला फ्रिगेटला किनाऱ्याच्या अधिक जवळ जावं लागतं, म्हणजे किनाऱ्यावरच्या माऱ्याच्या तोंडात. 127 मिलिमीटरची तोफ हवी, हे नौदलाला ठाऊक आहे. अशा 13 तोफा भारताला विकायला अमेरिकेने 2019 मध्ये परवानगीही दिली होती. तरी निलगिरी वर्गाच्या सातही जहाजांवर 76 च आहे.

कुणी म्हणेल, त्याच 23 ऑक्टोबरच्या यादीत 76 मिलिमीटरच्या तोफेसाठी स्मार्ट गोळे आहेत. आहेत, आणि ते घ्यावेतच. पण नेमका लागला तरी सहा किलोचा गोळा सहा किलोचाच राहतो.

उतरणाऱ्या सैन्याला राखण्याच्या कामात फ्रिगेटला काय सोसावं लागतं ते 1982 च्या फॉकलंड युद्धात जगाने पाहिलं. 21 मे रोजी ब्रिटिश सैन्य सान कार्लोसच्या खाडीत उतरलं. 'फिअरलेस' आणि 'इंट्रेपिड' हे दोन एलपीडी आणि इतर जहाजं आत, आणि फ्रिगेट बाहेरच्या अंगाला, अर्जेंटिनाच्या विमानांच्या वाटेत. 'आर्डेंट' त्या दिवशीच्या माऱ्यात गेली, 'अँटिलोप' त्यानंतर दोनच दिवसांत. सैन्य मात्र उतरलं. मग 8 जून. 'सर गॅलाहॅड' हे जहाज वेल्श गार्ड्सना घेऊन भर दिवसा एका उघड्या खाडीत उभं होतं, आणि जवळ एकही फ्रिगेट नव्हती. बाँब पडले, आग लागली, त्या एका जहाजावर 48 माणसं मेली. तोच देश, तेच युद्ध, अठरा दिवसांचं अंतर. राखणदार असणं आणि नसणं यातला फरक याहून स्पष्ट कुणी सांगू शकणार नाही. 'फिअरलेस' आणि 'इंट्रेपिड' काढून टाकायचा बेत 1981 च्या संरक्षण फेरविचारात झालाच होता. तो पूर्ण अंमलात आला असता तर सान कार्लोसमध्ये उतरायला ही जहाजं नसती.

एक मत असं की क्षेपणास्त्रांच्या आणि समुद्री ड्रोनच्या युगात उभयचर जहाजं संपली. दाखला रशियाचा: 'साराटोव्ह' 2022 मध्ये बर्डियान्स्कच्या धक्क्यावर जळालं, 'सीझर कुनिकोव्ह' 2024 च्या फेब्रुवारीत समुद्री ड्रोननी बुडवलं. घटना खऱ्या आहेत. पण त्यांतून निघणारा धडा आमच्याच बाजूचा आहे. एकटं, कडेकोट राखणीशिवाय, शत्रूच्या पल्ल्यात सोडलेलं जहाज मरतं. आपल्याकडे लक्षद्वीप आहे, मुख्य भूमीपासून हजारभर किलोमीटर लांब अंदमान-निकोबार आहे. ही बेटं आपण सोडून देणार आहोत का? नसू, तर तिथे सैन्य, दारूगोळा आणि पाणी नेणारं जहाज लागेलच, आणि ते एकटं पाठवता येणार नाही.

दुसऱ्या मताला दोन्ही कामं एकाच जहाजात हवी आहेत. डेन्मार्कने ते करून पाहिलं. 'अब्सालोन' वर्गाची दोन जहाजं, फ्रिगेटच्या अंगात वाहनांचा डेक. 2020 मध्ये त्यांचंच वर्गीकरण बदलून त्यांना फ्रिगेट म्हणावं लागलं, म्हणजे दोन्ही कामांसाठी आखलेलं जहाज अखेर एकाच कामाच्या नावाने ओळखलं गेलं.

तिसरं मत सर्वांत लोकप्रिय, आणि आमच्या मते सर्वांत घातक. त्यांना तीस-चाळीस हजार टनांचं, सपाट डेकचं, ड्रोन आणि हेलिकॉप्टरांनी भरलेलं भव्य जहाज हवं आहे. भव्य जहाजाची मागणी करत बसलो तर आणखी दहा वर्षं काही मिळणार नाही. मागण्या वाढवत गेलं की काय होतं, त्यासाठी अमेरिकेच्या 'कॉन्स्टेलेशन' फ्रिगेटकडे पाहा. 2020 मध्ये युरोपातला चालता आराखडा घेतला. त्यात इतके बदल केले की मूळ आराखड्याशी साम्य 85 टक्के राहायचं ते 15 टक्क्यांच्या खाली गेलं. आराखडा पुरा होण्याआधीच पोलाद कापायला घेतलं. नोव्हेंबर 2025 मध्ये पहिली दोन सोडून बाकीची रद्द झाली. अमेरिकेच्या खजिन्याला हा फटका सोसेल, आपल्या नाही.

आम्हाला हवं आहे ते साधं: सुमारे वीस हजार टनांची चार जहाजं, मोठी गोदी, उथळ पाण्यात जाणाऱ्या भरपूर बोटी, दवाखाना, समुद्राचं पाणी गोडं करण्याची यंत्रणा, आणि ड्रोनसाठी मोकळी जागा. 1679 साली खांदेरीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा त्यांची 'रिव्हेंज' आणि इतर मोठी जहाजं समोर उभी असताना थळच्या बाजूने मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री बेटावर रसद नेत राहिल्या. ज्या उथळ पाण्यात मोठी जहाजं शिरू शकत नव्हती, तिथूनच त्या जात. बेट मराठ्यांकडेच राहिलं. उतरण-बोटींची संख्या आणि त्यांची उथळाई आधी ठरवा, मग त्या मावतील एवढं जहाज आखा. उलटं करू नका.

हे आपल्याला आखता येणार नाही, असं म्हणणाऱ्याने 'उदयगिरी'कडे पाहावं. ऑगस्ट 2025 मध्ये दाखल झालेली ही फ्रिगेट नौदलाच्या स्वतःच्या युद्धनौका आराखडा विभागाने रेखाटलेली शंभरावी नौका आहे. पंचेचाळीस हजार टनांची 'विक्रांत' याच विभागाने आखली आणि कोचीने बांधली. त्यासाठीचं पोलाद आता सेलच्या कारखान्यांत बनतं. विशाखापट्टणमच्या गोदीत 44,000 टनांची पुरवठा जहाजं बांधली जात आहेत. वीस हजार टनांच्या गोदी-जहाजासाठी परदेशी आराखड्याच्या दारात उभं राहायचं कारण नाही.

आणि गोद्यांचं काय? निलगिरी वर्गातली चार जहाजं माझगावला, तीन कोलकात्याला मिळाली. गोव्यात 'त्रिपुट' आणि 'तवस्या' बांधली जात आहेत. ती संपली की पुढचं काम कुठे आहे? कसलेला वेल्डर दोन वर्षं रिकामा राहिला तर आखातात जातो आणि परत येत नाही. त्याचं कसब निविदेच्या तारखांची वाट बघत नाही. नव्या फ्रिगेटची ऑर्डर निलगिरी वर्गाच्या शेवटच्या जहाजाला लागूनच हवी, आणि एलपीडीचं काम सार्वजनिक गोद्यांत वाटून द्यायला हवं: सांगाडा एकीकडे, उतरण-बोटी दुसरीकडे. गोवा शिपयार्डला त्यातला वाटा मिळालाच पाहिजे.

तुमच्या खासदारांना पत्र लिहा, गाठून विचारा. नव्या फ्रिगेटवर 127 मिलिमीटरची तोफ बसणार की नाही, याचं लेखी उत्तर संसदेत मागायला सांगा. एलपीडीचा आराखडा आणि फ्रिगेटचा आराखडा एकाच समितीने एकत्र तपासला का, हे संरक्षणविषयक स्थायी समितीत विचारायला सांगा. आराखडा कोणत्या तारखेला गोठवला जाईल आणि त्यानंतर एकही बदल होणार नाही, ती तारीख मागा. 'जलाश्व' कोणत्या साली निवृत्त होणार आणि त्या दिवशी तिच्या जागी कोणतं जहाज उभं असेल, त्याचं नावही मागा.